उणे सांगली

“पतकी, माझ्या नजरेच्या मधोमध डाग पडला आहे. समोरच्या माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, लिहिण्यावाचण्यापुरती नजर फार तर वर्षभर राहील. तेव्हा मला एवढंच सांगा, माझं पुस्तक कुणी विकत घेतं का? घेत असतील तर उरलेली नजर दुसऱ्या भागाला देते. नसतील घेत, तर निवृत्तीनंतर वाचू म्हणून जमवलेल्या पुस्तकांची पेटी अजून बंदच आहे, ती उघडते. दोन्ही होणार नाही. खरं सांगा. नर्सबाईला खोटं लगेच कळतं.”

कुमुदिनी हेरवाडे यांचं हे पत्र मला अजून पाठ आहे, कारण त्याला उत्तर न देता मी ते रोज वाचत असे.

तेव्हा मी सांगलीला धामणकर प्रकाशनात मुद्रितं तपासायचं काम करत होतो. साठी उलटली होती. हेरवाडेबाई नेसरीला राहत. त्यांची सगळी नोकरी तिकडच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर सरकारी नर्स म्हणून झालेली. त्यांच्या आठवणींचं ‘दवाखाना नसलेली गावं’ हे पुस्तक आम्ही काढलं होतं. त्याची मुद्रितं मी तपासली, त्या निमित्तानं आमची चार पत्रं झाली, म्हणून हा प्रश्न मालकांकडे न जाता माझ्याकडे आला. खरं तर मला विचारण्यासारखं माझ्यात काही नव्हतं. मी ऱ्हस्वदीर्घ बघायचो. पुस्तक चांगलं की वाईट हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कधी सांगायला गेलो नव्हतो.

कागद काढला, तारीख घातली आणि थांबलो. खप विचारायला विक्री विभागात जायचं, म्हणजे कशाला हवाय ते सांगावं लागणार. ते हसणार.

“पतकीकाका, येऊ का?”

दारात रेवती उभी होती. नाना धामणकरांची मुलगी. नाना अंथरुणाला खिळले तेव्हा ती बंगळूरची नोकरी सोडून आली आणि त्यांच्या खुर्चीत बसली. हातात लॅपटॉप होता. तो तिनं सरळ माझ्या मुद्रितांवर ठेवला.

“तुम्हाला हे शिकायचंय.”

“काय आहे हे?”

“सॉफ्टवेअर. आपली सगळी विक्री यात घालायची. मग कुठलं पुस्तक, कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात किती गेलं, याची चित्रं काढून देतं ते. गोदामात पाय ठेवायला जागा नाही, काका. काय परत छापायचं आणि काय रद्दीत घालायचं, हे दिवाळीच्या आत ठरवायचंय मला.”

“पण मी? मला मोबाईलवरचा फोटोसुद्धा पुढे पाठवता येत नाही.”

“विक्रीतल्या माणसाला शिकवलं तर तो आपल्याच भागाचे आकडे गोंडस करून दाखवेल. तुमचं तसं नाही. तुम्हाला कशाचंच काही नसतं.”

हे कौतुक होतं की काय, ते मला कळलं नाही. पण मनात एक विचार आला, आणि तो मला फार सोयीचा वाटला. हे शिकलो तर बाईंच्या पुस्तकाचा खप कुणाला न विचारता मला दिसेल. मग पक्के आकडे घालून उत्तर लिहिता येईल. तोवर उत्तर लांबवायला कारणही मिळालं.

“बघतो,” मी म्हणालो.

शिकणं सोपं नव्हतं. रोज दुपारी रेवती माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसे. एका तक्त्यात पुस्तकं, दुसऱ्यात गावं, तिसऱ्यात विक्री. हे तक्ते एकमेकांना जोडायचे. बोटानं एका तक्त्यातून रेघ ओढून दुसऱ्यात नेऊन सोडायची. माझी रेघ वाटेतच सुटे.

“दाबून धरा, काका. सोडू नका.”

“धरलंय.”

“धरलंय म्हणता आणि सोडता.”

माझा पहिला आलेख आला तो असा: एप्रिलनंतर ऑक्टोबर, मग ऑगस्ट, मग जानेवारी. मी पुष्कळ वेळ बघत बसलो. कुठे चुकलं ते दिसेना.

“अहो, महिने उलटसुलट झालेत!” रेवती म्हणाली.

“उलटसुलट कुठे? शब्दकोशात असेच येतात.”

ती इतकी हसली की बाजूच्या खोलीतून शिपाई बघायला आला. मग तिनं महिन्यांना क्रमांक कसे द्यायचे ते दाखवलं.

एका गोष्टीत मात्र मला शिकवावं लागलं नाही. विक्रीच्या नोंदींत गावांची नावं ज्याला जशी सुचतील तशी लिहिलेली होती. एकट्या गडहिंग्लजची पाच रूपं. सॉफ्टवेअर ती पाच गावं धरत होतं. मी ती सगळी नावं एकेक करून सरळ केली. पाठ धरली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण ते काम मला येत होतं. रेवतीनं ते बघून मान डोलावली. “डेटाचं प्रूफ तपासलंत की तुम्ही!” त्या दिवशी घरी जाताना मला जरा बरं वाटलं.

मग एके दुपारी, रेवती बँकेत गेली असताना, मी यादीतून ‘दवाखाना नसलेली गावं’ निवडलं.

पडद्यावर एक रेघ आली. सुरुवातीला एक उंच सुळका, तो सरकारी ग्रंथालयांनी एकगठ्ठा घेतलेल्या प्रतींचा. त्यानंतर रेघ तळाला जी टेकली ती उठलीच नाही.

उत्तर माझ्या समोर होतं. ते एका ओळीत लिहिता आलं असतं. पण मी लिहिलं नाही. मी गाळण्या लावायला लागलो. गाळणी हा माझा शब्द. नको ते बाजूला काढून हवं तेवढंच दाखवायची त्या सॉफ्टवेअरमध्ये सोय होती. सरकारी खरेदी काढली. पुण्यामुंबईची दुकानं काढली, तिकडे कोण वाचणार नेसरीच्या नर्सबद्दल? दुकानंच काढली, फक्त ग्रंथप्रदर्शनं ठेवली. जुनी वर्षं काढली. एकेक जिल्हा, मग एकेक तालुका बघत गेलो.

आणि गडहिंग्लजला रेघ चढत होती. थोडीशी नाही, चांगली पायऱ्या पायऱ्यांनी, दर महिन्याला मागच्यापेक्षा वर. मी चष्मा पुसून परत बघितलं. शिवाय ते पटण्यासारखंही होतं. गडहिंग्लज बाईंच्या घराजवळ. ज्या बायकांची बाळंतपणं त्यांनी केली, त्यांच्या लेकी-सुना आता पुस्तक घेत असणार. एकीनं दुसरीला सांगितलं असणार.

नेमका त्याच दिवशी फोन आला.

“पतकी, जिवंत आहात ना?”

“कोण? हेरवाडेबाई का?”

“ओळखलंत! मला वाटलं, पत्र मिळालं नाही की माणूसच मिळत नाही. उत्तर नाही, काही नाही.”

“नाही, म्हणजे मिळालं. मी आकडे काढतोय.”

“आकडे काढताय का दात काढताय? दात काढायला एवढा वेळ लागत नाही हो.” त्या हसल्या. मग आवाज जरा खाली आला. “इकडे ओळी एकमेकींच्या अंगावर चढायला लागल्यात. म्हणून घाई. नाहीतर मी कुणाच्या मागे लागणारी नाही.”

काहीतरी बोलणं भाग होतं. “गडहिंग्लजला वर जातंय,” मी म्हणालो.

“काय वर जातंय?”

“तुमचं पुस्तक. म्हणजे आलेख. दर महिन्याला वाढतोय. अजून नक्की नाही, मी परत तपासणार आहे...”

त्या म्हणाल्या, “गडहिंग्लजला? आमच्या गडहिंग्लजला?”

“हो. पण तपासून सांगतो.”

“तपासा, तपासा. मी तोवर वह्या आणते. जाड रेघांच्या.”

फोन ठेवल्यावर मी नवीन कागद घेतला आणि ‘आपणांस कळवण्यास आनंद होतो की’ इथपर्यंत लिहिलं. तपासायचं म्हटलं होतं खरं, पण ते चित्र मोडायला हात होत नव्हता. उलट मी त्याला निळा रंग दिला, रेघ जाड केली आणि रेवती आल्यावर तिच्यापुढे ठेवलं. स्वतःहून काही दाखवायची माझी ती पहिलीच वेळ असावी.

“अरे वा!” ती वाकून बघत म्हणाली. “हे कुठलं? नर्सबाईंचं? मी तर ते रद्दीच्या यादीत घातलंय.”

“त्या दुसरा भाग लिहू का म्हणून विचारताहेत.”

“हे असंच चढत असेल तर लिहू देत की. त्या भागातल्या गावागावांत नेऊ आपण. पण काय काय गाळलंत तुम्ही?”

मी सांगितलं.

“एवढं? थांबा हं.” तिनं एकेक गाळणी काढायला सुरुवात केली. तालुके परत आले, जिल्हे आले. मग तिनं रेघेऐवजी उभे खांब मांडले, गावागणिक एक. गडहिंग्लजचा खांब वर गेलेला होता. आणि एक खांब शून्याच्या रेघेखाली लोंबत होता.

“हे काय? सांगली उणे?”

मी खुर्ची पुढे ओढली.

“काका, सांगलीत लोक पुस्तकं उणे वाचतात का?” तिला हसू येत होतं. “विकत घेण्याऐवजी घरातली आणून देतात का आपल्याला?”

मला कळलं होतं. ते मला इतक्या उशिरा कळावं याचंच नवल. आमची पुस्तकांची गाडी दर महिन्याला गडहिंग्लजच्या प्रदर्शनाला जाई. जाताना मालाचं चलन फाटे आणि चलनावरच्या सगळ्या प्रती गडहिंग्लजच्या नावे विक्री म्हणून लागत. गाडी परत आली की न खपलेल्या प्रती गोदामात उतरत. गोदाम सांगलीला, म्हणून त्या वजा होत सांगलीच्या नावे. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चाललेलं. नानांना सगळा व्यवहार तोंडपाठ असे, त्यामुळे कधी कुणाचं अडलं नाही.

“त्या परत आलेल्या प्रती आहेत,” मी म्हणालो.

“कुठून परत आलेल्या?”

“गडहिंग्लजहून.”

रेवतीचं हसू गेलं. ती पडद्याकडे बघत राहिली. “मग चढतंय ते काय?”

“शाळांचा हंगाम ओसरतो तशी दर महिन्याला गाडीत जागा होत जाते. तेवढ्या जास्त प्रती चढवतात.”

“म्हणजे त्याच प्रती?”

“त्याच.”

तरीही मी गोदामात गेलो. सवय म्हणा, नाहीतर आशा. मागच्या भिंतीला बाईंच्या पुस्तकाचे गठ्ठे होते. वरचा एक सुटा होता, त्याच्या प्रतींचे कोपरे दुमडलेले. मुखपृष्ठावर प्रदर्शनाच्या सवलतीची चिकटपट्टी, तिच्यावर पुढच्या प्रदर्शनाची, तिच्यावर आणखी पुढची. एक पट्टी नखानं काढली तर खाली दुसरी निघाली. ही पुस्तकं घाट चढून जात होती, टेबलावर मांडली जात होती आणि उतरून परत येत होती. कुणी उघडून बघितल्याचीही खूण नव्हती. पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती.

मी एका गठ्ठ्यावर बसलो. फार थकलो होतो. नेसरीला एक बाई जाड रेघांच्या वहीवर वाकून लिहीत असणार, ओळीवर ओळ चढत असणार, आणि ते माझ्या निळ्या रेघेच्या जिवावर.

रेवती मागोमाग आली. तिनं त्या पट्ट्या बघितल्या.

“वाईट वाटतंय,” ती म्हणाली. “पण एक विचारू का, काका? रागवायचं नाही.”

“विचार.”

“पहिल्यांदा पुस्तक निवडलं तेव्हाच तुम्हाला दिसलं असणार ना, की खपत नाही?”

“हो.”

“मग एवढ्या गाळण्या कशाला लावत बसलात? असं चाळत गेलं तर कुठे ना कुठे काहीतरी वर जाताना दिसणारच. मी कॉलेजात हेच केलं होतं, सरांनी सगळ्यांसमोर चूक काढली.”

काढलेली पट्टी मी बोटांत गुंडाळत राहिलो. ती तशीच उभी होती. जाईना.

“तुम्हाला स्वतःला काय वाटतं? त्यांनी लिहावा का दुसरा भाग?”

“मला वाटून काय उपयोग? मी मुद्रितं तपासतो.”

“मी उपयोग नाही विचारला.”

गोदामात वर एक पंखा होता, तो नुसता आवाज करायचा. त्याच्याकडे बघत मी म्हणालो, “एक काशी म्हणून सुईण आहे त्यात. नेसरीच्या वरच्या वाडीवरची. हेरवाडेबाई नव्या नव्या तिथे गेल्या तेव्हा ही त्यांना घरात घेईना. एका अवघड बाळंतपणात दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. बाळ वाचलं, पण काशीनं बोलणं टाकलं. आणि पुस्तकाच्या शेवटी बाईंची बदली होते. गाडी सुटताना काशी लांब बांधावर उभी असते. तिथे संपतं.”

“मग?”

“मग काय झालं ते नाही त्यात. मी त्याची मुद्रितं चार वेळा वाचली. दर वेळी तिथे येऊन थांबायचो.” मला बोलायची लाज वाटत होती, तरी बोललो. “ती पुढे त्यांच्याशी बोलली का, ते मला वाचायचंय.”

“म्हणून तुम्ही आकडे शोधत होता?”

“मला हवंय म्हणून कुणी डोळे झिजवावेत असं कसं सांगणार? आकड्यांनी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.”

रेवती शेजारच्या गठ्ठ्यावर बसली. म्हणाली, “मी छापू शकणार नाही, काका. खोटं नाही सांगत. छापलं तर हेच होणार.”

“माहीत आहे.”

“मग त्यांना काय लिहिणार?”

मी टेबलापाशी आलो. ‘आपणांस कळवण्यास आनंद होतो की’ फाडून टाकलं. नेहमीच्या बारीक अक्षरात, नेहमीसारखं लिहायला बसलो: ‘आपल्या पत्रास उत्तर देण्यास विलंब झाला याबद्दल क्षमस्व. वस्तुतः माझ्यासारख्याने याबाबत मत देणे कितपत योग्य ठरेल हे सांगता येत नाही, तथापि...’ अर्धं पान भरल्यावर लक्षात आलं की बाईंना हे वाचताच येणार नाही. त्यांना नाक दिसत नाही, माझं ‘तथापि’ कुठून दिसणार?

रेवतीच्या खोलीतून काळा मार्कर आणला. मोठे कोरे कागद घेतले. कागद आडवा धरून इंच-दीड इंचाची अक्षरं काढायला लागलो. एका कागदावर जेमतेम चार शब्द मावत. ‘वस्तुतः’ला पानाची अख्खी रुंदी लागली, तेव्हा तो कागद बाजूला ठेवला. ‘कदाचित’ लिहून बघितला, तोही काढला. ‘मला वाटते’ काढलं. शब्द असे महाग झाल्यावर काय ठेवायचं ते ठरवावंच लागलं. पूर्वी कधी ठरवलं नव्हतं. दुसऱ्यांचे शब्द राखण्यात माझं आयुष्य गेलं होतं.

पहिल्या कागदावर लिहिलं: ‘पुस्तक खपत नाही.’

दुसऱ्यावर: ‘फोनवरचं चुकीचं होतं.’

तिसऱ्यावर: ‘दुसरा भाग छापणार नाही.’

तिथे हात थांबला. एवढं खरं पुरेसं होतं. पाकीट बंद करता आलं असतं. बाईंनी आकड्यांचं विचारलं होतं, माझं नव्हतं विचारलं. मी खिडकीतून हरभट रस्त्यावरची गर्दी बघत बसलो. मग मार्करचं टोपण परत काढलं.

‘लिहिणं थांबवा. पेटी उघडा.’

‘काशीचं मला तोंडी सांगा.’

‘मी नेसरीला येतो.’

शेवटचा कागद वाळायला ठेवला आणि त्याच्याकडे बघून मलाच घाम फुटला. मी कुणाकडे जात नसे. नात्यातल्या लग्नांनासुद्धा अहेर मनीऑर्डरनं पाठवायचो. परक्या बाईच्या घरी जाऊन खुर्चीवर बसायचं, चहा घ्यायचा, ऐकायचं. सहा कागदांतला तो एक काढून घ्यायला कुणाची हरकत नव्हती.

“काका, कादंबरी पाठवताय का?” रेवतीनं दारातून विचारलं. मग तिची नजर वाळत ठेवलेल्या कागदावर गेली. ती आत आली नाही. “एसटी सकाळचीच बरी पडेल,” एवढं म्हणून गेली.

कागदांची घडी नीट बसेना. पाकीट फुगलं. पोस्टाच्या पेटीच्या फटीत ते जाईना, मी दोनदा घालून बघितलं. तेव्हा आत जावं लागलं. खिडकीवर एक तरुण मुलगी होती. तिनं पाकीट तराजूवर टाकलं.

“जड आहे हो. तिकिटं जास्त लागतील.”

“लावा.”

“रजिस्टर करायचंय? पोच येईल तुम्हाला.”

“नको. लवकर जाईल असं पाठवा.”

तिनं तिकिटं चिकटवली, त्यांवर शिक्के मारले, पत्ता एकदा मोठ्यानं वाचला, ‘हेरवाडे, नेसरी, तालुका गडहिंग्लज’, आणि पाकीट मागच्या पिशवीत फेकलं. मी तिथेच उभा होतो. माझ्यामागे माणसं खोळंबली होती.

“आजोबा, आणखी काही पाठवायचंय?”

“नाही,” मी म्हणालो. “एवढंच होतं.”